ग्लोमोस: अडतीस वर्षे जगलेल्या एका नॉर्वेजियन ग्रामीण कोम्यूनची गोष्ट

1 जानेवारी 1926 रोजी मध्य नॉर्वेतील रोरोस या एका प्रशासकीय घटकाचे चार तुकडे झाले: रोरोसचे खाणगाव, त्याच्या भोवतीचा ग्रामीण पट्टा म्हणजे रोरोस लान्सोग्न, पूर्वेला स्वीडनच्या सीमेपर्यंत पसरलेले ब्रेक्केन आणि उत्तरेचे ग्लोमोस. बरोबर अडतीस वर्षांनी, 1 जानेवारी 1964 रोजी, हेच चार तुकडे पुन्हा जोडले गेले आणि रोरोस पूर्ववत एक झाले. जे चार पिढ्या एकत्र होते ते का तुटले आणि तुटलेले एका पिढीतच पुन्हा का जुळले, हे समजून घेतले तर नॉर्वेची स्थानिक राज्यव्यवस्था कशी घडली हे बऱ्याच अंशी उलगडते. त्यासाठी या चारांपैकी ग्लोमोस मी मुद्दाम निवडले आहे, कारण खाण, नदी, शेती आणि रेल्वे या चारही गोष्टी इथे एकाच खोऱ्यात भेटतात.

आधी 'कोम्यून' या शब्दाचा अर्थ पाहू. नॉर्वेत राज्यकारभाराच्या तीन पायऱ्या आहेत: सर्वांत वर देशाचे सरकार, मध्ये जिल्ह्याएवढा 'फ्युल्के' आणि सर्वांत खाली कोम्यून. खालची पायरी म्हणून ती दुय्यम आहे असे मात्र नाही. प्राथमिक शाळा, गरिबांची आणि वृद्धांची देखभाल, गावातले रस्ते, पाणी आणि स्थानिक कर ही सगळी कामे कोम्यूनकडे असतात. निवडून आलेली सभा आणि तिचे छोटे कार्यकारी मंडळ मिळून ते काम पाहतात. सामान्य माणसाला सरकार भेटते ते बहुधा याच पातळीवर.

ही व्यवस्था 14 जानेवारी 1837 च्या कायद्यांनी जन्माला आली आणि पुढच्या वर्षी अमलात आली. त्या काळी नॉर्वे स्वीडनच्या राजाच्या छत्राखाली होता, पण अंतर्गत कारभार त्याचा स्वतःचा होता. गावपातळीवर सत्ता कोणाच्या हाती द्यायची हा प्रश्न होता, आणि उत्तर असे निघाले की जिथे चर्चचा एक धर्मोपदेशक आणि त्याच्या हाताखालचा परगणा आहे, तिथे साधारण तोच प्रदेश एक कोम्यून मानावा. हद्दी आधीच ठरलेल्या होत्या, नोंदवह्या चर्चमध्ये होत्या आणि रविवारी सगळे एकत्र येत होतेच. 1838 मध्ये असे चारशेच्या आसपास घटक तयार झाले आणि रोरोस त्यांपैकी एक होते. अर्थात मताचा अधिकार सुरुवातीला जमीनदार, अधिकारी आणि व्यापारी अशा मोजक्या पुरुषांनाच होता. 1901 पासून स्थानिक निवडणुकीत सर्व पुरुषांना आणि ठरावीक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना, तर 1910 पासून सर्व स्त्रियांना मत मिळाले. म्हणून 1926 चे ग्लोमोस कोम्यून जन्मले तेव्हा तिथल्या शेतकरी बाईचे मत आणि खाणमजुराचे मत सारखेच मोजले जात होते. 1838 च्या रोरोसमध्ये हे शक्य नव्हते.

पण कोम्यूनच्या रेषा आखल्या जाण्याच्या कितीतरी आधी या प्रदेशावर दुसरीच एक रेषा आखलेली होती, आणि ती समजल्याशिवाय ग्लोमोस समजत नाही.

1644 मध्ये रोरोसच्या डोंगरात तांब्याचे धातुक सापडले. पळणाऱ्या रेनडिअरच्या खुराने शेवाळ उखडले आणि खालचा चमकता खडक उघडा पडला, अशी कथा तिथे सांगितली जाते. तीत दंतकथेचा भाग किती हे बाजूला ठेवले तरी 1646 चा राजाचा हुकूम मात्र दंतकथा नाही. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा चौथा क्रिस्तियान याने स्टोरवार्ट्स खाणीला केंद्र मानून चार जुन्या नॉर्वेजियन मैलांच्या, म्हणजे सुमारे 45 किलोमीटरच्या त्रिज्येचे वर्तुळ आखले. त्या वर्तुळातली सर्व खनिजे, जंगल आणि वाहते पाणी यांवर तांबे कंपनीला हक्क मिळाला, आणि वर्तुळात राहणाऱ्या शेतकऱ्यांनी ठरलेल्या मोबदल्यात कंपनीला लाकूड, लोणारी कोळसा आणि वाहतूक पुरवणे बंधनकारक झाले. या वर्तुळाला 'सर्कमफेरेन्स' म्हणत. ग्लोमोसचे सारे खोरे त्याच्या आत होते. शेतकऱ्याचे शेत कोणत्या परगण्यात येते यापेक्षा ते वर्तुळात येते की नाही, यावर त्याचा वर्षभराचा दिनक्रम ठरत असे.

हा दिनक्रम कसा होता ते थोडे जवळून पाहू, कारण एरवी 'खाणीचा इतिहास' हे शब्द फार कोरडे वाटतात. खडक फोडायला सुरुवातीची दोन शतके प्रामुख्याने सुरुंगाची दारू नव्हे, तर आग वापरली जाई. खाणीच्या टोकाशी, खडकाला टेकवून लाकडांची रास रचायची आणि पेटवून द्यायची. खडक तापून तडकला आणि धूर निवळला की मजूर आत जाऊन सैल झालेले तुकडे पहारीने उकलत. वर आणलेले धातुक उघड्यावर लाकडांच्या थरांवर रचून भाजले जाई, म्हणजे त्यातला गंधक जळून जाई. हा गंधकाचा पिवळट, घसा धरणारा धूर दिवसेंदिवस आसमंतात भरून राही. मग भट्टीत लोणारी कोळशावर ते वितळवले जाई. आग, भाजणी आणि भट्टी या तिन्ही ठिकाणी लाकूडच लागत असल्यामुळे भोवतालची मंद वाढणारी जंगले झपाट्याने संपली. समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटर उंचीवर आणि इतक्या उत्तरेला झाड पुन्हा वाढायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. अखेर कंपनीने भट्ट्याच जंगलाकडे नेल्या: 1666 मध्ये तोल्गा येथे, 1743 मध्ये फेमुंड सरोवराकाठी.

हे सारे वाहून नेण्याचा हंगाम म्हणजे हिवाळा. उन्हाळ्यात दलदलीच्या आणि खडकाळ वाटांवर जड भार हलत नसे. थंडी पडली, सरोवरे गोठली, दलदल कडक झाली की सगळा प्रदेश एक सपाट रस्ता बनत असे. मग शेतकरी घोड्याच्या घसरगाडीवर धातुक खाणीतून भट्टीकडे आणि कोळसा जंगलातून भट्टीकडे नेत, आणि त्यातून मिळालेल्या पैशावर धान्य घेत, कारण इथे धान्य नीट पिकतच नाही. थंडी किती, याची कल्पना यावी म्हणून एक आकडा सांगतो: जानेवारी 1914 मध्ये रोरोस येथे उणे 50.4 अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले. अशा हवेत पहाटेच्या अंधारात आउरसुंडेन सरोवराच्या बर्फावरून घोडा हाकत निघालेला माणूस हा या प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेचा खरा कणा होता, असे मला वाटते. भट्टीचे मालक आणि अधिकारी यांची चित्रे जपली गेली. या माणसांची आठवण मुख्यतः साहित्याने जपली.

तो साहित्यिक ग्लोमोसचाच. युहान फाल्कबर्गेट यांचा जन्म 1879 मध्ये रुग्लदालेनमध्ये, म्हणजे पुढे ग्लोमोस कोम्यूनमध्ये गेलेल्या दरीत झाला. लहान वयातच ते खाणीत कामाला लागले आणि तरुणपणापर्यंत तेच काम करत राहिले. धातुक वाहणारे, कोळसा पाडणारे, खाणीच्या बराकीत थंडीने कुडकुडणारे लोक त्यांच्या कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी आहेत. 1931 ते 1933 या काळात ते मजूर पक्षाचे संसद सदस्य होते. रातवोल्डेन हे त्यांचे घर आज संग्रहालय आहे. एवढ्या छोट्या कोम्यूनमधून देशभर वाचला जाणारा लेखक यावा हे मला आश्चर्याचे वाटत नाही, कारण इथल्या अनुभवात सांगण्यासारखे पुष्कळ साठले होते.

ग्लोमोस या नावाचा अर्थ साधा आहे. 'ग्लोमा' ही नॉर्वेतील सर्वांत लांब नदी, सुमारे 600 किलोमीटर लांबीची, आणि 'ओस' म्हणजे नदी जिथे सरोवरातून बाहेर पडते किंवा दुसऱ्या पाण्याला मिळते ते मुख. आउरसुंडेन सरोवरातून ग्लोमा बाहेर पडते ती इथे, रोरोसच्या उत्तरेला सुमारे दहा किलोमीटरवर. पुढे ती दक्षिणेकडे वळून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, फ्रेड्रिकस्टाड येथे समुद्राला मिळते. ग्लोमोसच्या उत्तरेला डोंगर ओलांडला की पाण्याची दिशाच बदलते आणि ते गाउला नदीतून ट्रॉन्डहाइमच्या फ्योर्डकडे, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या खाडीकडे, जाते. ही जलविभाजनाची रेषा 1877 मध्ये पूर्ण झालेल्या रोरोस रेल्वेलाही ओलांडावी लागली. रेल्वे आली, तशी घसरगाडीची हिवाळी वाट हळूहळू ओस पडली, आणि आगगाडीच्या वेळापत्रकावर चालणारे नवे ग्लोमोस स्टेशनाभोवती वाढू लागले.

पाण्याची दुसरी कहाणी विजेची आहे. 1896 मध्ये तांबे कंपनीने ग्लोमा नदीवर ग्लोमोसजवळ कुरोसफोसेन येथे वीजकेंद्र बांधले आणि तिथली वीज खाणींना पुरवली. जंगल संपलेल्या प्रदेशात पडत्या पाण्यापासून शक्ती मिळणे ही मोठीच सोय होती. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला आउरसुंडेनच्या मुखाशी धरण घालून सरोवराची पातळी नियंत्रित करण्यात आली, म्हणजे पावसाळी आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी साठवून ते हिवाळ्यात नदीकाठच्या खालच्या वीजकेंद्रांना पुरवता येईल. फायदा बहुतांश खालच्या खोऱ्यांना मिळाला आणि किनारा बदलला तो इथला.

आता 1926 कडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नॉर्वेभर कोम्यूनची संख्या वाढत गेली आणि 1930 मध्ये ती 747 पर्यंत पोहोचली, म्हणजे सुरुवातीच्या जवळपास दुप्पट. या फाटाफुटीमागे दोन प्रमुख कारणे होती. पहिले म्हणजे अंतर. सभेला, शाळेच्या समितीला किंवा कर भरायला दिवसभर चालत जावे लागत असेल, तर माणूस सभेला जाणे सोडून देतो, आणि सभेला गेला नाही की त्याच्या दरीतला रस्ता यादीत शेवटी राहतो. दुसरे म्हणजे पैसा. शेतीच्या आणि खाणगावाच्या गरजा वेगळ्या असतात. गावाला पाणीपुरवठा, दिवे, मोठी शाळा हवी असते. खेड्याला पूल आणि वाट हवी असते. आणि दोघांचा खर्च एकाच खिशातून जातो.

यात सर्वांत नाजूक विषय होता गरिबांच्या देखभालीचा. जुन्या व्यवस्थेत ज्याला कोणीच नाही अशा म्हाताऱ्याला किंवा अनाथाला 'लेग्द' पद्धतीने सांभाळत: ठरावीक शेतघरांचा एक गट करायचा आणि त्या माणसाने प्रत्येक घरी काही दिवस राहून, जेवून पुढच्या घरी जायचे. कोणाच्या उंबऱ्यावर आपले स्वागत होईल आणि कोणाच्या नाही, हे त्याला वर्षभर रोज नव्याने कळत असे. 1900 च्या कायद्याने ही प्रथा संपली आणि मदत पैशाच्या रूपात कोम्यूनच्या तिजोरीतून देणे सुरू झाले. एखादा माणूस कोणत्या कोम्यूनचा रहिवासी ठरतो, म्हणजे त्याचा खर्च कोणी उचलायचा, यावरून कोम्यूनांमध्ये वाद होत. पहिल्या महायुद्धानंतर तांब्याचा भाव घसरला, तेव्हा खाणीवर अवलंबून असलेल्या गावाचा गरिबीचा भार वाढणार हे कोणालाही दिसत होते, आणि खेड्यातल्या करदात्याला तो भार वाटून घेण्यात उत्साह नव्हता. याला स्वार्थ म्हणणे सोपे आहे; पण ज्याच्या घरात दोन गाई आणि एक घोडा एवढीच संपत्ती आहे त्याचा कराचा हिशोब समजून घ्यायला हवा.

अशा रीतीने 1926 मध्ये ग्लोमोस हजाराच्या जरा आतल्या लोकसंख्येनिशी स्वतंत्र झाले. ब्रेक्केनची लोकसंख्या हजाराहून थोडी अधिक, रोरोस लान्सोग्नची सातशेच्या आसपास आणि खाणगावाची सव्वादोन हजारांच्या घरात होती. त्याच वर्षी ग्लोमोसमध्ये नवे चर्चही उभे राहिले. 'लान्सोग्न' या शब्दाचा अर्थ 'ग्रामीण परगणा' असा होतो, आणि नॉर्वेत जिथे जिथे शहर वेगळे झाले तिथे मागे उरलेल्या वेढ्यासारख्या पट्ट्याला बहुधा हेच नाव पडले. मजेची गोष्ट म्हणजे खुद्द रोरोसचे खाणगावही कायद्याच्या भाषेत पूर्ण शहर नव्हते. देशाच्या क्रमांकपद्धतीत त्याला 1640, लान्सोग्नला 1641, ब्रेक्केनला 1642 आणि ग्लोमोसला 1643 असे एका ओळीतले ग्रामीण क्रमांक होते. फाटाफूट झाली तरी कागदावर ते सख्ख्या भावंडांसारखे शेजारी शेजारीच बसले.

नव्या कोम्यूनला वेळ मात्र वाईट मिळाली. नॉर्वेच्या मध्यवर्ती बँकेने चलनाचे मूल्य युद्धापूर्वीच्या सोन्याच्या दरावर परत नेण्याचे धोरण धरले आणि 1928 मध्ये ते साध्यही केले. पण त्यामुळे भाव उतरले, मजुरी उतरली आणि जुनी कर्जे मात्र आहे तेवढ्याच क्रोनची राहिल्यामुळे फेडायला जड झाली. देशभरातली कितीतरी छोटी कोम्यूने या काळात कर्जात रुतली. नंतर 1940 मध्ये जर्मनीने देश व्यापला, आणि 1941 पासून निवडून आलेल्या सभांऐवजी नेमलेला एकच प्रमुख कारभार पाहू लागला. ग्लोमोसच्या अडतीस वर्षांतून ही व्यापलेली वर्षे वजा केली, तर प्रत्यक्ष निवडलेल्या लोकांनी चालवलेले स्वराज्य तेहतीस-चौतीस वर्षांचेच उरते.

या काळात कोम्यूनच्या रेषेला न जुमानणारे आणखी एक जीवन या डोंगरांत चालू होते. आउरसुंडेनच्या परिसरात दक्षिण सामी, म्हणजे इथले आदिवासी लोक, रेनडिअरचे कळप चारतात. कळप ऋतूंनुसार फिरतो. तो कुठल्या शेतकऱ्याच्या कुरणात किंवा कुठल्या कोम्यूनच्या हद्दीत शिरला हे त्याला कळत नाही. डोंगरातले दलदलीचे गवत कापून रचून ठेवणे हा शेतकऱ्याचा हिवाळ्याचा आधार, आणि तेच गवत रेनडिअरने खाल्ले की तंटा. या भागातला वाद 1897 मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि निकाल सामींच्या विरोधात लागला. बरोबर शंभर वर्षांनी, 1997 मध्ये, आउरसुंडेनचाच प्रश्न पुन्हा त्याच न्यायालयात आला आणि 1897 च्या निकालाचे वजन मानून पुन्हा सामींच्या विरोधात गेला. सामींचा वापर पिढ्यान्‌पिढ्यांचा होता, पण लिहिलेला नव्हता; शेतकऱ्यांच्या मालकीची नोंद होती. माझ्या मते ग्लोमोसच्या इतिहासातले हे सर्वांत वेदनादायक पान आहे, आणि कोम्यूनच्या इतिहासात ते सहसा तळटीपेत टाकले जाते, हे योग्य नाही.

युद्ध संपल्यावर नॉर्वेच्या सरकारने 1946 मध्ये निकोलाय शाय यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि तिच्यावर कोम्यूनांची फेररचना सुचवण्याचे काम सोपवले. समितीपुढचा प्रश्न साधा होता. पूर्वी कोम्यूनकडे एखादी शाळा, काही गरीब कुटुंबे आणि रस्ते होते. आता नव्या कल्याणकारी राज्याला तिच्याकडून आरोग्यसेवा, वृद्धाश्रम, नियोजन, तज्ज्ञ कर्मचारी हे सगळे हवे होते. 1959 च्या शाळा कायद्याने नऊ वर्षांच्या शिक्षणाची वाट मोकळी केली, आणि वरच्या तीन इयत्तांसाठी विषयवार शिक्षक हवेत तर वर्गात पुरेशी मुले हवीत. हजार लोकांच्या कोम्यूनमध्ये एका वयाची पंधरा-वीस मुलेच असतात. शिवाय रस्ते सुधारले होते, बस आणि टेलिफोन आले होते. ज्या अंतरामुळे 1926 ची फाळणी न्याय्य वाटली ते अंतर आता अर्ध्या तासाचे उरले होते. ग्लोमोसची लोकसंख्या तर दरम्यान वाढण्याऐवजी घटलीच होती.

समितीच्या कामानंतर पुढच्या काही वर्षांत देशातल्या कोम्यूनांची संख्या 744 वरून 454 वर आली. रोरोसची चार कोम्यूने 1964 मध्ये एकत्र झाली ती याच लाटेत. काही ठिकाणी अशी विलीनीकरणे लोकांच्या विरोधाला न जुमानता झाली आणि त्यांतली काही पुढे मोडलीही. रोरोस मात्र टिकले. त्यानंतर 2014 ते 2020 च्या आणखी एका फेररचनेत देशातली संख्या 428 वरून 356 झाली, तेव्हाही रोरोसच्या हद्दी हलल्या नाहीत.

कोम्यून गेल्यावर खाण काही वर्षे चालू राहिली. रोरोस गावातली धातू वितळवण्याची भट्टी 1953 च्या आगीनंतर बंद पडलीच होती. कंपनीची शेवटची खाण लेरग्रुव्हबाक्केन, ही जुन्या ग्लोमोसच्या बाजूच्या उत्तर खाणक्षेत्रातली. 1977 मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि 333 वर्षांची, सुमारे एक लाख टन तांबे देणारी परंपरा तिथे थांबली. 1980 मध्ये रोरोसचे खाणगाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. लाकडी घरे, धातुमळीचे काळे ढिगारे आणि 1784 चे दगडी चर्च पाहायला लोक येऊ लागले. सुरुवातीला वारशाची सीमा गावापुरती होती. 2010 मध्ये ती भोवतालचा ग्रामीण भाग, फेमुंडची भट्टी आणि हिवाळी वाट यांपर्यंत वाढवण्यात आली आणि 1646 च्या राजाचे वर्तुळ त्याभोवतीचा संरक्षक पट्टा ठरले, कारण शेते, कोळशाच्या जागा, हिवाळी वाटा आणि दूरच्या भट्ट्या यांच्याशिवाय खाणगावाचा अर्थच लागत नाही, हे अभ्यासकांना पटले होते.

त्यामुळे आज ग्लोमोस स्टेशनवर उतरणारा माणूस 1646 च्या त्या वर्तुळातच पाय ठेवतो. 1926 ते 1963 दरम्यान इथून जाणारी कोम्यूनची सीमा आता कुठल्याही नव्या नकाशावर नाही. ग्लोमोस हे नाव मात्र स्टेशनच्या पाटीवर, चर्चच्या नोंदींत आणि इथल्या माणसांच्या बोलण्यात आहे.